तिसरा वाटा

१६ जून, सोमवार. धुळे

ही वही दीपकनं आणली. लग्नानंतरची पहिली भेट म्हणे. मी म्हटलं, लोक साडी आणतात. तो म्हणाला, साडीवर तू लिहिणार आहेस का?

आजपासून देवपूरच्या घरात. तीन खोल्या, मागे अंगण, अंगणात पपईचं झाड आणि धुण्याचा दगड. माहेरी, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, गाडी गेली की खिडकीचे गज वाजायचे. इथे काही वाजत नाही. सकाळचा उजेड स्वयंपाकघरात येतो आणि ओट्यावर अडीच तास टिकतो. मी घड्याळ लावून पाहिलं. व्हिडिओला तेवढा पुरे.

माणसं चार. सासरे भाईदास, सगळ्यांचे आबा. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. सासूबाई कोकिळा. गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही. मग दीपक आणि मी. दीपकचं आग्रा रोडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारींत तो तांब्याची नवी तार भरतो. कितीही धुतले तरी त्याच्या हातांना वॉर्निशचा वास राहतो. मी त्याला दीपकच म्हणते. अक्कांना ते खटकतं. चारचौघांत तरी ‘हे’ म्हणत जा, असं दोनदा सुचवून झालं.

कॉलेज दहा मिनिटांवर. मराठीचे तास, तासिका तत्त्वावर. जेवढं शिकवलं तेवढ्याचेच पैसे. सुट्टी आली की तेही नाहीत. नेमणुकीचं पत्र ऑगस्टात मिळतं, तास मात्र जूनपासून घ्यायचे. सहा वर्षं हेच, कॉलेज कुठलंही असो. या वर्षात यातून बाहेर पडायचं. चॅनेलचं नाव ठरलं: देवपूरची चूल.

२७ जून, शुक्रवार

दीपकनं फोनसाठी स्टँड करून दिला. जुन्या मोटारीची बॉडी, वर एक सळई, फोन धरायला जाड तांब्याच्या तारेचा विळखा. दोन किलो भरेल. भूकंप झाला तरी तुझा फोन हलायचा नाही, म्हणाला.

तीन व्हिडिओ टाकले. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी. बघणारे एक्केचाळीस, छत्तीस, बावन्न. त्यातले बरेचसे मीच. एका बाईंनी लिहिलं, मीठ जास्त वाटतंय. मीठ दिसतं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

आबा म्हणाले, गाडीत दोन पॅसेंजर असले तरी आम्ही घंटी मारून गाडी सोडायचो. तू पण सोडत राहा सूनबाई. मग स्वतःच हसले आणि विचारलं, पण दोन तरी आहेत ना?

१५ जुलै, मंगळवार

दोनशे त्र्याऐंशी सदस्य. हजार झाल्याशिवाय जाहिराती लागत नाहीत. रोज सकाळी उजेड येण्याआधी भाजी निवडते, उजेडात रांधते, मग कॉलेज, मग व्हिडिओ कापणं-जोडणं. कुकरची शिट्टी नेमकी माझ्या वाक्यावर होते. अक्का चौकटीतून आडव्या जातात. शेजारच्या मंजुळाबाई भिंतीपलीकडून विरजण मागतात. पुन्हा पहिल्यापासून.

सगळे बोलतात तसं मीही बोलते: नमस्कार परिवार. मी एम.ए.ला विशेषणं खोडायला शिकले. आता रोज सकाळी ‘खमंग’ म्हणते.

विभागप्रमुखांनी दोन तास कमी केले. विद्यार्थी नाहीत म्हणून. नाजमीन उर्दू शिकवते, माझ्यासारखीच तासिकेवर. तिनं डब्यातली चटणी पुढे सरकवली आणि सांगितलं, भरीत जगात सगळ्यांनी दाखवून झालंय सारिका, जे कुणी दाखवत नाही ते दाखव. ते काय, असं विचारलं तर म्हणाली, ते मला माहीत असतं तर मी इथं असते का?

३१ जुलै, गुरुवार

रविवारी कानबाई बसणार. आमच्या माहेरी ती नाही, वडील अकोल्याकडचे. इथे नारळाला नथ-दागिने घालून देवी म्हणून चौरंगावर बसवतात, सोमवारी पांझरा नदीवर नेतात. अक्कांनी आज मला रोटांचे नियम सांगितले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वापाच मुठी गहू मोजायचे. नाव घेऊन. त्या गव्हाचे जाड रोट तुपात भाजायचे, प्रत्येकाच्या वाट्याचं टोपलं वेगळं. ते घरच्या माणसांनीच खायचे. मंजुळाबाई चाळीस वर्षं शेजारी आहेत, त्यांना तुकडाही नाही. खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा बाहेर सांडायचं नाही. अंगणात खड्डा करतात, त्यात. आणि पौर्णिमेच्या आत ज्यानं त्यानं आपला वाटा खायचा.

नाही खाल्ला तर, असं विचारलं. अक्का म्हणाल्या, असं होत नाही.

बायकांच्या मुठी किती? अक्का हसल्या. बायकांच्या नसतात.

देवघराजवळ एक जुना फोटो आहे. आबांचे वडील आणि भाऊ, पाच पुरुष. आबांनी चार नावं सांगितली. पाचवा कोण? आबा म्हणाले, असंल फोटोवाल्याचा माणूस. ज्यांनी आयुष्यभर माणसं मोजून तिकिटं फाडली, ते हे म्हणाले.

हे कुणीच दाखवत नाही. व्हिडिओ करू का, असं विचारताच अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. बाकी काहीही दाखव, मोजणी नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

केलं.

स्टँड डब्यांच्या मागे ठेवला होता. अक्कांनी मला मोजायला बसवलं. पहिली सून, तुझ्या हातून होऊ दे. आबांच्या नावानं सव्वापाच. दीपकच्या नावानं सव्वापाच. दोन ढीग, पांढऱ्या फडक्यावर. तेवढ्यात दूधवाल्यानं हाक मारली आणि अक्का बाहेर गेल्या.

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग पोत्यात हात घातला आणि तिसरा ढीग मोजला. म्हटलं, आणि हा तुमचा वाटा. जो कुणी बघत असेल त्याचा. तुम्हीही या घरचेच.

खरं सांगायचं तर आवडलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मी खरं काहीतरी बोलले असं वाटलं. अक्का येईपर्यंत तिन्ही ढीग धुवायच्या पातेल्यात गेले होते.

३ ऑगस्ट, रविवार

काल व्हिडिओ टाकला. आज दुपारपर्यंत अकरा हजार लोकांनी पाहिला. घर बायकांनी भरलंय, ओव्या-गाणी चाललीत, मी मोरीत उभी राहून आकडा बघते. दीपकनं दारातून विचारलं, किती? मी बोटांनी दाखवलं. त्याला आधी अकराच वाटले. बरंय, म्हणाला, वाढले.

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाईला पांझरेवर पोचवून आलो. सदस्य तीन हजार.

दीपक जेवायला थांबला नाही. साक्रीकडे एका गावाची पाणीपुरवठ्याची मोटार जळाली, गाव कोरडं आहे. सामान घेऊन गेला. दोन दिवस लागतील. माझे रोट ठेव, येऊन खातो.

अक्कांनी रोट टोपल्यांत घातले. दोन टोपली भरली आणि परातीत तेवढेच उरले. त्यांनी ते मोजले. मग त्यांच्या घरच्या बोलीत, अगदी हळू विचारलं, “हाऊ कोना वाटा शे?” हा कुणाचा वाटा?

मी म्हटलं, पीठ जास्त भिजलं असेल.

त्यांनी माळ्यावरून तिसरं टोपलं काढलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

राजीनामा लिहिला. दोन पानी, चांगल्या मराठीत. विभागप्रमुखांनी वाचला आणि परत दिला. या वर्षीची नेमणूकपत्रं निघालेली नाहीत. तुमचं नाव अजून यादीतच नाही. जो नेमलेला नाही त्याचा राजीनामा कसा घेऊ? सहा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो असा गेला. नाजमीन म्हणाली, फ्रेम करून लाव.

कॉमेंट शेकड्यांनी. बहुतेक शिव्या, मोजणी दाखवली म्हणून. काही आशीर्वाद. एक वेगळी. नाव नाही, चित्र नाही. वहिनी, माझा वाटा झाकून ठेवा.

लोकांना चेष्टा सुचते.

आणखी एक, जळगावच्या एका ताईची. मागे पाटावर पाठमोरे बसलेत ते भाऊ कोण? मी व्हिडिओ पाहिला. मागे पाट आहे. रिकामा आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

मंजुळाबाईंच्या नातीनं अक्कांना व्हिडिओ दाखवला. मी ओरडा खायच्या तयारीत होते. अक्का ओरडल्या नाहीत. माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि सांगितलं, ज्याचं नाव घेऊन दळलं तो घरचा. तू नाव घेतलं नाहीस, म्हणून कुणीही येईल. येईल त्याला वाढावंच लागेल.

मी म्हटलं, ते गहू माझ्या नावाचे समजा. मी खाते. घरात राबते, माझा वाटा का नसावा? अक्का म्हणाल्या, मोजताना हे सुचलं असतं तर मी काहीच म्हटलं नसतं. आता बोलून गेलीस.

मग अजून एक विचारलं. नियम काय ते नीट सांगा. पौर्णिमेपर्यंत ज्यानं खाल्लं नाही त्याचं काय? त्या म्हणाल्या, तो घरचा राहत नाही.

आबांनी आपले रोट खाल्लेत. दीपकचं टोपलं भरलेलं आहे. त्याला फोन केला. मोटार खोललीय, उद्या येतो, पोळ्यांसाठी फोन करतेस का?

संध्याकाळी अक्कांनी पुरुषांसाठी तीन पाट मांडले. मी एक उचलला. आबा म्हणाले, राहू दे, धाकटा येतच असंल.

कोण धाकटा?

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिकीट न काढता बसले आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी तिसरं टोपलं रिकामं होतं. अंगणातल्या खड्ड्यात हात धुतल्याचं ताजं पाणी. आबा झोपलेले. अक्का अंघोळीला.

व्हिडिओ काढून टाकला. चॅनेलवर तो आता नाही. बघणारे वाढताहेत. सत्तर हजार. नसलेल्या व्हिडिओचे. कॉमेंट येताहेत, भाऊंचा चेहरा दाखवा.

दुपारी दीपक आला. मी धावत दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेर थांबला. चप्पल काढू का, असं विचारलं. मी हसले, मला वाटलं दमलाय. तो आत येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसला, गुडघे जुळवून. अक्कांनी पाणी आणलं. पेल्याखाली बशी ठेवून. पाहुण्याला आणतात तसं.

त्यांनी विचारलं, कुणाकडे आलात?

मी अक्कांवर ओरडले. पहिल्यांदा. तुमचा मुलगा आहे. दीपक आहे. अक्का गोंधळल्या, कपाळ चोळलं, हो, हो म्हणाल्या. आणि स्वयंपाकघरात जाऊन दीपकच्या टोपल्यावर झाकण ठेवलं.

दीपकला म्हटलं, आत्ता खा. तो चिडला. दोन दिवस मोटारीत डोकं घातलंय, गाव तहानलेलं, तू शिळ्या रोटांचं काय घेऊन बसलीस. तुझ्या त्या व्हिडिओत घर विकलंस तू. हे तो बोलला तेव्हा मला बरं वाटलं. असा परका माणूस बोलत नाही.

सकाळी खातो म्हणाला. आणि पुढच्या खोलीतच आडवा झाला, पिशवी उशाला घेऊन.

८ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळ

पौर्णिमा आज दुपारी दोन वाजता लागते. दिनदर्शिकेत दोनदा पाहिलं.

दीपक खुर्चीवर. केस विंचरलेले. त्याचं टोपलं घेऊन गेले. तीन रोट आहेत. सोमवारी आठ होते. कोण खातंय — विचारायला वेळ नाही.

रोट त्याच्या हातात दिला. त्यानं मान हलवली. हळू, अदबीनं. हे घरच्यांचं असतं ना, म्हणाला. मी कसा खाऊ, वहिनी?

वहिनी.

तुकडा तोडून तोंडाशी नेला. त्यानं माझं मनगट धरून बाजूला केलं. जोरात नाही. त्याच हातानं. वॉर्निशचा वास आला. अक्का मागून म्हणाल्या, “रोट घरना माणसंच खातस.” घरचीच माणसं खातात. त्यांचं बरोबरच आहे, असं तो म्हणाला. पिशवी उचलली. चहासाठी आभार मानले.

मी रस्त्यापर्यंत गेले. रिक्षात बसला. पत्ता काय सांगावा ते त्याला —

८ ऑगस्ट. दीड वाजता

दुकानावर जाऊन आले. शटर बंद. शेजारचा बॅटरीवाला चांद म्हणाला, ताई, हा गाळा रिकामाच आहे.

फोनमध्ये त्याचा नंबर शोधला. दिपमाला मावशी आहे. दूधवाला आहे. मधे काही नाही.

लिहून ठेवते. दीपक. भाईदासांचा मुलगा. उजव्या कानामागे तीळ. ही वही त्यानं आणली. साडीवर लिहिणार आहेस का, म्हणाला. स्टँड त्यानं केला. सत्तावीस जूनला. दोन किलो. दीपक. दीपक.

स्टँडची तार सोडवली. डाव्या अंगठ्याला गुंडाळली. घट्ट. दुखली की आठवेल.

टोपल्यात दोन रोट होते. आता एक —

पाटावर कुणीतरी चावतंय. मी वळणार नाही.

दोन वाजायला पाच.

९ ऑगस्ट, शनिवार

पौर्णिमा. उजेड ओट्यावर आहे. सदस्य एक लाख. जाहिराती लागल्या. आता कॉलेजात जायला नको. अक्का म्हणाल्या, पायगुण आहे सुनेचा.

घरात पुरुष दोन. आबा आणि हे. टोपली धुऊन माळ्यावर गेली.

ओट्यावर ही वही होती. मागची पानं वाचली. अक्षर माझं. कुणाबद्दल लिहिलंय —

हे पाटावर बसलेत. पाठमोरे. वाढ म्हणतात. आज व्हिडिओ करू म्हणतात. नमस्कार परिवार, असं मी म्हणायचं.

यांच्या हातांना कसलाच वास नाही.

अंगठा सुजलाय. निळा. तार कुणी बांधली? हे म्हणतात, सोड ती. इकडे दे.

नाकाशी नेली. वॉर्निश.

हे उठले. मागे आलेत. वाचताहेत.

ओठांवर एक नाव येतंय. लिहिते. आधी लिहिते. दी—